अर्धी भाकरी

मसाल्याच्या कारखान्यातल्या तानाक्कांनी रोजच्यासारखी भाकरी मोडून दोन ताटल्यांत ठेवली. मग त्यांच्या लक्षात आलं, आज खाणारा एकच आहे.

वडिलांनी घालून दिलेला नियम होता. डंकात कुटून निघालेला सकाळचा पहिला मसाला दोघा भावांनी भाकरीबरोबर चाखायचा आणि दोघांनी होकार दिल्यावरच माल भरायचा. श्रीपतराव पहिल्याच घासाला म्हणत, "फक्कड!" धाकटा रंगराव म्हणे, "थांब दादा, मीठ बघ."

त्याच रंगरावाने गेल्या महिन्यात विचारलं होतं, "मिरची तुझ्या जावयाकडूनच आणि चढ्या भावाने का?" श्रीपतरावांनी भागीदार बहिणीला आपल्या बाजूने वळवलं आणि कालच्या सभेत भावाला संचालकपदावरून काढून टाकलं.

आता ते घासामागून घास घेत होते. चव काही कळेना.

"भरायचा का माल, मालक?" तानाक्कांनी दुसऱ्यांदा विचारलं.

श्रीपतरावांनी कुणाकडे न बघता घरच्या डब्यात थोडा मसाला घातला आणि ड्रायव्हरला रंगरावाकडे पिटाळलं.

तासाभराने डबा परत आला.

"काही म्हणाला?"

"नाही मालक. डबा दिला अन् दार लावून घेतलं."

दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, ही आईची शिस्त. श्रीपतरावांनी झाकण काढलं.

घासून लख्ख केलेल्या डब्यात चिमूटभर मीठ होतं.