मनकर्णाने लिहिलेला सीन

"बोलनं लई हाय, वहिनी." गहिनीनाथनं मनकर्णाच्या कागदावर आडवी रेघ मारली. "साहेब नुसता ऐकत बसलाय. बाया करत्यात काय?"

गावातल्या म्हाताऱ्या भागूबाईच्या तोंडी मनकर्णानं पानभर भाषण घातलं होतं.

धाकटा दीर गहिनीनाथ कोल्हापुरात एका सिनेमालेखकाच्या हाताखाली राहून आला होता. ऐन बहात्तरच्या दुष्काळात तो गावी परतला, आणि पटकथा शिकायचा मनकर्णानं हट्टच धरला.

"निर्माता वाचत न्हाई, ऐकतो," तो सांगे. "त्यो चुळबुळला की धंदा बुडाला. मानूस अडला पायजे, आन ते डोळ्यांनी दिसलं पायजे."

सीन साधा होता. गावात दुष्काळी काम नाही. तान्ही लेकरं पाठीशी बांधून बाया डोंगरापलीकडं खडी फोडायला जातात. साहेब जीपमधून येतो. बाया गावच्या तळ्याचं काम मागतात.

मनकर्णानं भाषण खोडलं. दोनच वाक्यं ठेवली.

तालमी देवळामागं झाल्या. तिथं साहेब झाला गावातलाच कानिफनाथ. भागूबाई एरवी तलाठ्यापुढंसुद्धा तोंडात पदर धरून उभी राहायची. पण सिनेमा म्हटल्यावर म्हातारीला चेवच आला.

"खऱ्या दिवशी साहेब पाथर्डीहून येनार," मनकर्णानं बजावलं. "क्यामेरा लिंबाआड ऱ्हाईल. एकदाच हुईल. पुन्हा न्हाई."

जीप आली. गहिनीनाथ लिंबाआड उभा राहिला.

"इथं मंजुरी नाही," साहेब बसल्या जागेवरून म्हणाला. "तिकडच्या कामावर जा."

भागूबाई पुढं झाली. तिनं नात सरळ साहेबाच्या मांडीवर ठेवली. "जातो की. तवर हिला तुमी संभाळा."

मागोमाग बाया आल्या. एकेक लेकरू जीपमध्ये. मागची बाकडी भरली, ड्रायव्हरच्या कुशीत दोन. पोरांनी एकदम गळा काढला. साहेबानं टोपी काढली, घाम पुसला, नात त्याच्या पँटीवर मुतली तसा ओरडला, "अरे, उचला ही पोरं! सोमवारी तळ्याचं काम सुरू करतो!"

जीप धुरळ्यात दिसेनाशी झाली. बाया खिदळत एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

"त्या नटानं बी बेस काम केलं," भागूबाई म्हणाली. "सिनेमा नगरला कवा लागंल गं?"

"नट न्हवता, आत्याबाई. मामलेदार हुता," मनकर्णा म्हणाली. "सोमवारी पाटी घिऊन या."