नवरदेवाची दाढी

कारखान्याचं पाणी समुद्रात सुटू लागल्यापासून जाळ्यात नर मासा येईना. कापावा त्याच्या पोटात अंड्यांची गाभोळी. "समुद्रात आता सगळ्या मावश्याच!" म्हणत बंदरावरच्या माझ्या सलूनमध्ये खलाशी महिनाभर खिदळले.

आज त्यांच्या होडीचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, लेकाला घेऊन आला. "उद्या लग्न आहे याचं. गाल कसा आरशासारखा कर!"

मी वस्तरा फिरवला. पात्यावर नुसता फेस आला, केस एकही नाही.

"काका, बाबांना सांगू नका," नवरदेव पुटपुटला.

मग तांडेल स्वतः खुर्चीत बसला. त्याच्याही गालावरून नुसता फेसच निघाला. त्यानं आरशातून मला हळूच हात जोडले.

"चला, पुढचा!" मी हाक मारली.

बाकावरचे सहाही खलाशी गालावर हात दाबून बसले होते. उठेना कोणीच.