फाटकापाशी उभा ट्रक

लढाई संपून महिना झाला होता, आणि उंब्रजच्या आकारामला पलटणीची तार आली. 'हंबीरराव गुरुवारी विमानाने पुण्यात. गाडी आणावी.' पोरगा येतोय की त्याला आणतायत, एवढं मात्र तारेत नव्हतं. साधा जवान कधी विमानानं येतो व्हय?

आकारामनं बायकोला काहीच सांगितलं नाही. शेजारच्या बिराप्पाला त्याच्या उसाच्या ट्रकासकट बरोबर घेऊन तो पहाटेच निघाला, आणि सकाळपासून विमानतळाच्या फाटकापाशी येरझाऱ्या घालत राहिला.

"आजोबा, टॅक्सी हवी का? स्टेशन, स्वारगेट, म्हणाल तिथं सोडतो," एकानं विचारलं. त्याच्या मागोमाग रिक्षावाला आला.

"टॅक्सी नगं, रिक्षा बी नगं. ट्रक आणलाय आमी," आकाराम ज्याला त्याला सांगत होता, पण नजर फाटकावरून हलत नव्हती.

दुपारी विमान उतरलं. सगळे उतारू निघून गेले आणि शेवटी, एक हात गळ्यात बांधलेला हंबीरराव आपल्या पायांनी चालत बाहेर आला. आकारामनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं.

"आवं आबा, एका माणसाला एवढा ट्रक? रिक्षानं ठेसनावर गेलो असतो की!" हंबीरराव हसला.

"असू दे, लेका. म्होरं बस."



बिराप्पा मात्र घाईनं ट्रकाच्या मागं धावला, आणि पेंढ्यावर अंथरलेलं पांढरं कापड अन् झेंडूचे हार पोराला दिसायच्या आत पोत्यात कोंबू लागला.