गुरूकडे पाठ

बाळांनो, विद्यापीठातला नृत्यवर्ग डोळ्यांसमोर आणा. तिथे छोटी हलीमा आईची ओढणी घट्ट धरून उभी आहे. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचा सिद्दी नाच आई आज इथे पहिल्यांदा शिकवणार आहे. तिने ढोल गळ्यात अडकवलाय, आणि समोर खुर्चीत बसलेल्या, मुलींच्या नृत्यगुरू मोठ्या बाईंनी बजावलंय, "आज जमलं नाही, तर हा विषय बंद."

"पोरींनो, गोल करा ना!" आई पुन्हा म्हणाली. रांगेतून कुणीच हललं नाही.

"ताई, गोलात आमची बाईंकडे पाठ होईल," एकजण कुजबुजली. "गुरूला पाठ कशी दाखवायची?"

बाईंनी घड्याळ पाहिलं. तशी हलीमाने ओढणी सोडली, धावत जाऊन बाईंचं बोट धरलं आणि त्यांना ओढत वर्गाच्या मधोमध आणून उभं केलं. आता गोल केला, तरी सगळ्यांची तोंडं बाईंकडेच!