दारावरचा प्रश्न

गाइडची तोंडी परीक्षा त्या जुन्या बौद्ध विद्यापीठाच्या अवशेषांतच होती. नापास झालो असतो तर पुन्हा गॅरेजात. भिक्खूंच्या खोल्या किती, विहिरी किती, वैद्यक कुठे शिकवायचे, मी सगळं धाडधाड सांगितलं.

परीक्षक मॅडमनी विचारलं, "कुठल्या कॉलेजचा रे तू?"

"कुठल्याच नाही. दहावीतच दांडी उडाली."

"मग शिकवलं कोणी?"

मी गेटकडे बोट केलं. "बाबांनी. बावीस वर्षं वॉचमन आहेत तिथे. येणाऱ्या-जाणाऱ्यांचं ऐकून ऐकून सगळं तोंडपाठ. मी डबा घेऊन आलो की आधी एक प्रश्न. चुकलो की डबा आत, मी बाहेर."

दुसरे परीक्षक फिस्सकन हसले. मॅडम नाही हसल्या.

"शेवटचा प्रश्न. इथे प्रवेश कसा मिळायचा?"

हे बाबांनी कधीच विचारलं नव्हतं. मॅडमनीच उत्तर दिलं.

"इथला एक मोठा पंडित दारावर बसून प्रश्न विचारायचा. उत्तर चुकलं की तिथूनच परत पाठवायचा." त्यांनी माझ्या कागदावर 'पास' लिहिलं आणि थेट गेट गाठलं.

बाबा गडबडीने स्टुलावरून उठले.

"बसा हो तुम्ही," मॅडम उभ्यानेच म्हणाल्या. "आता मला विचारा एक."