तोंडी आणि प्रात्यक्षिक

"शर्टाची बटणं स्वतःची स्वतः लावता येतात का?" पाहणीला आलेल्या बाईंनी विचारलं.

प्रश्न आईला होता. पण खाटेवर उशीला टेकून बसलेल्या बारकीने वर्गात करतात तसा हात वर केला. आजारपणात शाळा सुटली, तेव्हापासून तिला कुणी धड प्रश्नच विचारला नव्हता. औषध घेतलं का, दुखतंय का, हे काय प्रश्न झाले? बाई आणखी काय काय विचारणार, याची तिला कमालीची उत्सुकता लागली होती.

स्वतःचं स्वतः काही करता न येणाऱ्या आजारी मुलांच्या घरी सरकारकडून दरमहा मदत यायची. त्या पैशांच्याच भरवशावर आईने नोकरी सोडून लेकीजवळ राहायचं ठरवलं होतं. ती मदत चालू राहणार की बंद होणार, हे आजच्या भेटीवर होतं. लेकीला ते सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"दाखवू?" म्हणत बारकीने बटणं सोडलीसुद्धा. मग जीभ बाहेर काढून एकेक लावायला घेतलं. मध्येच बोटं थरथरायला लागली. आईचा हात सवयीने पुढे गेला.

"तू नको ना मध्ये येऊस. मार्क कापतील."

"रोज नाही हो जमत तिला," आई घाईघाईने बाईंना म्हणाली. "संध्याकाळी तर पेलाही धरवत नाही."

"धरवतो. तूच धरू देत नाहीस."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. "बरं, दारापर्यंत चालता येतं?"

बारकी उठली. भिंतीला हात लावत निघाली, दाराला शिवली, तशीच परत आली. कितीतरी दिवसांत ती इतकं चालली नव्हती. आईला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच धास्ती वाटली.

बारकी खाटेवर कोसळली. ओठ पांढरे पडले होते, छाती भात्यासारखी चालली होती. बाई हातातल्या प्रश्नांच्या कागदाकडे बघत राहिल्या. त्यावर 'हो' आणि 'नाही' एवढंच होतं, धाप नोंदवायला जागा नव्हती.

"काय लिहू?" त्यांनी हळूच आईला विचारलं.

बारकी मान उंच करून कागदात डोकावत होती. "सगळं आलं ना गं मला?"

आईने तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

"लिहा," ती बाईंना म्हणाली. "सगळं आलं तिला."