जादा गाडी

"खालचं स्टेशन बोलतंय," ती फोनमध्ये म्हणाली. "मालगाडी तयार आहे. घेता का?"

भिंतीपलीकडच्या खोलीत वरचं स्टेशन होतं आणि तिथल्या खुर्चीत तिचे बाबा होते. दोन्ही खोल्यांना जोडणारी गोष्ट एकच, भिंतीला पाडलेलं वीतभर भोक. त्यातून बोटाएवढ्या रुंदीचे रूळ जात.

शेजारी बसलेल्या घड्याळजी काकांनी मान डोलावून धीर दिला. छोट्या आगगाड्यांच्या या क्लबात गेले तीन महिने दर मंगळवारी त्यांनी तिला शिकवलं होतं. सांधा बदलला की टक् आवाज ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. कंट्रोलर फिरवायचा तो झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण ओढावं तसा. बाबा फक्त रविवारी येत, म्हणून ती मंगळवारी येई. बसने दोन तास.

"त्यांना सांगू नका हं," आज पहिल्यांदाच रविवारी आल्यावर ती सकाळी म्हणाली होती.

"मी कशाला सांगू? पण पोरी, आवाज कुठे लपवशील?"

सहा वर्षांपूर्वी बाबांचं चष्म्याचं दुकान न सांभाळता ती दुसऱ्या गावी नोकरीला गेली. तेव्हा ते म्हणाले होते, "मग आपल्यात बोलण्यासारखं काही उरलं नाही." माणूस शब्दाचा पक्का निघाला.

"घेतो," फोनमधून आवाज आला. "सोडा."

तो आवाज ऐकला आणि शिकलेलं सगळं तिच्या डोक्यातून पार पुसलं गेलं. तिने कंट्रोलर फिरवला. मालगाडी भोकाच्या तोंडाशी गेली आणि गपकन थांबली. बझर कोकलू लागला.

घड्याळजींनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"मधला तुकडा अजून तुमच्या ताब्यात आहे," बाबा म्हणाले. "तुमचाही करंट, माझाही करंट. गाडीने ऐकायचं कुणाचं? तिसरा खटका वर करा."

तिने खटका वर केला. बझर गप्प झाला. मालगाडी हलली, एकेक डबा भिंतीत शिरला आणि दिसेनासा झाला.

"पोचली," बाबा म्हणाले. "नवीन आहात?"

"तीन महिने झाले."

"हं."

मग दुपारभर त्यांचं बोलणं चालू होतं. घेता का? घेतो. सोडू का? सोडा. दोन मिनिटं उशीर आहे. चालेल. सहा वर्षांत मिळून ती दोघं इतकी बोलली नव्हती. प्रत्येक गाडी पोचली की तिला वाटे, वेळापत्रक आणखी लांब असतं तर.

सव्वाचारला शेवटची पॅसेंजर आली. घड्याळजी चहा आणायला उठले. तिने वहीत वेळ लिहिली, खटके एकेक करून खाली घेतले आणि मुख्य बटणाकडे हात नेला.

फोन वाजला.

"खालचं स्टेशन?"

"हो."

"एक जादा गाडी आहे. वेळापत्रकात नाही." बाबा खाकरले. "लाईन मोकळी आहे का?"

तिने खाली घेतलेले खटके पुन्हा वर केले. सांधा लावला, टक् आवाज ऐकला.

"मोकळी आहे," ती म्हणाली. "सोडा, बाबा."

भोकाच्या अंधारात एक दिवा दिसला. मागे एकही डबा नव्हता. नुसतं इंजिन, रंग उडालेलं, अगदी हळू येत होतं.

"सावकाश घे," बाबा म्हणाले. "जुनं आहे. सांध्यावर अडखळतं."